पुण्यात नाटक करायचंय? नव्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जून-जुलैत तेच प्रश्न येतात. बारावी संपवून पुण्यात आलेली मुलं विचारतात, नोकरी लागल्यावर नाटकाकडे वळू पाहणारे विचारतात, कधी कधी काळजीत पडलेले आईवडीलही विचारतात. इथली उत्तरं पुण्याच्या प्रायोगिक आणि हौशी नाटकाभोवतीची आहेत, कारण मला ते जवळून माहीत आहे. मालिका आणि सिनेमाच्या वाटा वेगळ्या आहेत. त्यांच्याबद्दल जेवढ्यास तेवढंच लिहिलंय.

मी पुण्यात कुणालाच ओळखत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी नाटक बघायला लागा. महिनाभर दर आठवड्याला एक तरी प्रयोग बघा आणि त्यातले निम्मे छोट्या जागांमधले असू द्या. हिराबागेजवळ ज्योत्स्ना भोळे सभागृह आणि श्रीराम लागू रंग-अवकाश आहे, एरंडवण्यात द बॉक्स आहे, सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर आहे. बालगंधर्व आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह यांत मुख्यतः व्यावसायिक नाटकं लागतात. तीही बघायचीच, पण तिथे प्रयोग संपला की प्रेक्षक एका दाराने जातो आणि नट दुसऱ्या दाराने. छोट्या जागेत प्रयोगानंतर दिग्दर्शक बाहेरच उभा असतो आणि सेट उतरवणारी मुलं तुमच्याच वयाची असतात.

त्यांच्याशी बोला. "मला अभिनय करायचाय" असं म्हणण्याआधी "पुढच्या प्रयोगाला बॅकस्टेजला माणूस हवाय का" एवढं विचारा. प्रायोगिक संस्थेला माणूस कायमच कमी पडतो, त्यामुळे याचं उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी येतं.

बॅकस्टेजला गेलो तर तिथेच अडकून पडेन का?

ही भीती मी इतक्यांदा ऐकली आहे की जरा सविस्तर लिहितो.

बॅकस्टेज म्हणजे नक्की काय काम, ते आधी बघा. प्रयोगाच्या दिवशी दुपारी टेम्पोतून लेव्हल्स (रंगमंचावर मांडायचे चौथरे) आणि फ्लॅट (सेटच्या उभ्या चौकटी) उतरतात. सेट लागतो, मग प्रकाशयोजनाकार एकेक स्पॉट फोकस करून घेतो आणि त्या वेळी कुणीतरी नटाच्या जागी रंगमंचावर उभं राहावं लागतं. तो 'कुणीतरी' म्हणजे तुम्ही. दोन पावलं पुढे, अर्धं पाऊल डावीकडे, मान वर. तासभर असं उभं राहिलात की प्रकाश कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्वचेला कळायला लागतं. पुढे कधी भूमिका मिळाली, तर तुम्ही प्रकाशात उभे आहात की बाहेर, हे खाली न बघता तुम्हाला समजतं.

मग प्रॉपर्टीचं टेबल. विंगेत एक टेबल लावतात, त्यावर पांढरा कागद चिकटवतात आणि प्रत्येक वस्तूची जागा पेनाने आखून ठेवतात: चष्मा इथे, पत्र इथे, पाण्याचा तांब्या इथे. काळोखात हात घातला की वस्तू हाताला लागलीच पाहिजे. पत्र जागेवर नसलं तर रंगमंचावरचा नट उघडा पडतो. हे टेबल ज्याने सांभाळलं, त्याला अख्खं नाटक पाठ होतं. कोणती वस्तू कोणत्या वाक्याला आत जाते हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे नाटकाची बांधणी त्याच्या अंगात मुरते.

राहिला अडकण्याचा प्रश्न. पहिल्या एक-दोन नाटकांनंतर दिग्दर्शकाला स्पष्ट सांगा, "मला वाचनाला बसायचंय." तालमीला एखादा नट आला नाही की त्याची वाक्यं वाचायला कुणीतरी लागतंच. तिथे तुमचा आवाज ऐकला जातो. सांगितलंच नाही तर कुणाला कळणार? आणि वर्षभर सांगूनही दखल घेतली नाही, तर त्या संस्थेचे आभार माना आणि दुसरीकडे जा.

पुरुषोत्तम करंडक एवढा महत्त्वाचा का मानतात?

महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात होते, अंतिम फेरी सप्टेंबरमध्ये. पुण्याशिवाय राज्यात इतरही केंद्रं आहेत आणि त्यांतल्या निवडक संघांची महाअंतिम फेरी होते. "अरे आव्वाज कुणाचा!" ही आरोळी ज्यांनी त्या प्रेक्षागृहात बसून ऐकली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

महत्त्वाचा, कारण ही स्पर्धा झगमगाटापेक्षा संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय बघते. मोठा सेट लावून इथे कुणी जिंकत नाही. विशीतल्या मुलांना स्वतःची गोष्ट स्वतः लिहायला आणि ती भरलेल्या प्रेक्षागृहासमोर उभी करायला लावणारी दुसरी इतकी सातत्याची जागा शहरात नाही. परीक्षकही भीड ठेवत नाहीत. २०२२ मध्ये पुण्याच्या अंतिम फेरीत एकाही संघाला करंडक दिला गेला नाही. त्यावर बरीच चर्चा झाली, नाराजीही झाली. माझं मत असं की त्या निर्णयाशी असहमत असलात तरी, वीस वर्षांच्या मुलांचं काम कुणीतरी इतक्या गांभीर्याने मोजतं, ही गोष्ट मोलाची आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. पुण्यात संघांची संख्या मर्यादित असते आणि प्रयोगांचा क्रम लॉट्स काढून ठरतो. कोणता दिवस येईल यावर तालमीचं गणित फिरतं. म्हणून संहिता जूनअखेरीस हातात असलीच पाहिजे. "लॉट्स लागले की लिहू" म्हणणारे संघ पहिल्या दिवशी नाव निघालं की कोलमडतात.

फिरोदिया करंडक त्यापेक्षा वेगळा कसा?

१९७४ पासून चालत आलेली ही पुण्याची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विविध कलांची आहे. नाटकाच्या गोष्टीत नृत्य, गायन, वादन, चित्र, शिल्प, रांगोळी अशा कला विणायच्या असतात. तुम्ही तबला वाजवत असाल, मातीकाम करत असाल आणि अभिनयाशी तुमचा काडीचा संबंध नसेल, तरी इथे तुमची गरज आहे. संघ मोठे असतात आणि तालमी हिवाळाभर चालतात. कला गोष्टीतून उगवली पाहिजे. मध्येच पाच मिनिटं कथक घुसडलं की प्रेक्षकांना लगेच कळतं.

माझं कॉलेज संपलंय. आता स्पर्धा संपल्या का?

नाही. महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा सहा दशकांहून जास्त काळ सुरू आहे. त्यात पूर्ण लांबीचं नाटक करावं लागतं. प्राथमिक फेऱ्या राज्यभरातल्या केंद्रांवर होतात आणि तिकीट नाममात्र असतं. मराठीशिवाय हिंदी, संस्कृत, संगीत आणि बालनाट्याच्या स्वतंत्र स्पर्धा आहेत. बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसांनी ही स्पर्धा जिवंत ठेवली आहे.

नोकरी करणाऱ्यांना मी हीच स्पर्धा आधी सुचवतो. एकांकिकेत जे पाऊण तासात निभावतं, ते दोन अंकांत उघडं पडतं. पात्र दोन तास धरून ठेवणं हे वेगळंच काम आहे आणि ते शिकायला हौशी नाटकासारखी जागा नाही.

खुल्या एकांकिका स्पर्धाही पुष्कळ आहेत. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' ही इतर स्पर्धांतल्या विजेत्यांची स्पर्धा असते आणि ती प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगते. तुमची एकांकिका स्पर्धेत नसली तरी एकदा बघायला जा.

रीतसर शिक्षण घ्यावं का? कुठे?

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र (गुरुकुल) आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात नाटक, संगीत आणि नृत्याच्या पदव्या मिळतात. बारावीनंतर बी. ए. आणि पदवीनंतर एम. ए. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. लोककलांकडे ओढा असेल तर त्याच विद्यापीठाची लोककला अकादमी आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या (एनएसडी) तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी लागते, वय साधारण १८ ते ३० असावं लागतं आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. इथे पुण्यातल्या एकांकिका उपयोगी पडतात. म्हणून पहिल्या एकांकिकेपासून प्रवेशपत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक प्रयोगाची तारीख, जागा आणि तुमचं काम लिहून ठेवा. पाच वर्षांनी आठवून लिहायला बसलात तर निम्मं हातून निसटलेलं असतं.

शिक्षण घ्यावंच का? दोन-तीन वर्षं सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त नाटक करायला मिळणं, सोबत वाचणारी आणि वाद घालणारी माणसं मिळणं, हे फार मोठं आहे. घरची परिस्थिती झेपत असेल तर घ्या. झेपत नसेल तर कमीपणा मानू नका. पुण्यातले कितीतरी उत्तम नट इंजिनिअरिंगच्या आणि मेडिकलच्या वसतिगृहांतून आले. डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे दोघेही बी. जे. मेडिकलचे.

शनिवार-रविवारच्या अभिनय कार्यशाळांचं काय?

शिकवणारा माणूस सध्या काय काम करतोय ते बघा, त्याचा एक प्रयोग बघा, मग पैसे भरा. "कार्यशाळेनंतर मालिकेत काम नक्की" असं आश्वासन देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

ऑडिशनसाठी पैसे मागितले तर?

देऊ नका. नोंदणी फी, ओळखपत्राची फी, पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून काढा, वर्कशॉप केलंत तरच रोल, यांतलं काहीही ऐकू आलं की फोन ठेवून द्या. काम देणारा माणूस तुम्हाला पैसे देतो. तुमच्याकडून घेत नाही. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी असेल तर एकट्याने जाऊ नका. सोबत कुणाला आणू नका म्हणाले, तर जाऊच नका. हे मुलींना सांगतो तसंच मुलांनाही सांगतो.

मी लिहितो. माझी एकांकिका कुणी करेल का?

करतील. संहितेची चणचण कायम आहे. दर पावसाळ्यात कॉलेजच्या कट्ट्यांवर "कुणी काही लिहिलंय का" हीच विचारणा सुरू असते. पण नुसती पीडीएफ पाठवून बसू नका. चार मित्र जमवा, मोठ्याने वाचन करा. स्वतः वाचू नका, दुसऱ्यांना वाचू द्या आणि तुम्ही ऐका. जिथे वाचणारा अडखळतो तिथे बहुतेक वेळा वाक्य लिखित भाषेत गेलेलं असतं. जिथे ऐकणारा फोनकडे बघतो तिथे प्रसंग लांबलाय.

आणखी एक कळकळीची गोष्ट. तुमच्या गावची बोली घेऊन लिहा. उस्मानाबादी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी जे काही घरात बोलत असाल ते. पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षी मुलं आपली बोली खाली ठेवतात आणि सगळ्यांसारखं लिहू लागतात. रंगमंचावर जे जिवंत वाटतं ते बहुतेक वेळा तिथे हरवतं.

संहिता चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं?

कायद्याने तुम्ही लिहिलं त्या क्षणीच हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून कामाला येते. केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात नाट्यकृतीची नोंदणी ऑनलाइन करता येते, फी ५०० रुपये आहे. तोपर्यंत निदान स्वतःला संहितेचा ईमेल करून ठेवा आणि ज्यांना पाठवली त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार जपा.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. दुसऱ्याचं नाटक करायचं तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन हवंच. लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं हा हक्क वारसांकडे राहतो. "कॉलेजची स्पर्धा आहे, कुणाला कळतंय" असं म्हणून केलेल्या प्रयोगांनी लेखकांना फार दुखावलं आहे. रूपांतर करत असाल तरीही मूळ लेखकाची परवानगी लागते.

सेन्सॉरचं काय असतं?

महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. बोलण्यात सगळे 'सेन्सॉर' म्हणतात. मंडळाचे सदस्य संहिता वाचतात, काही बदल सुचवू शकतात आणि मग प्रमाणपत्र मिळतं. नाट्यगृहाचं बुकिंग आणि स्पर्धेची प्रवेशिका या दोन्हींसाठी हे प्रमाणपत्र मागितलं जातं. शेवटच्या आठवड्यात पळापळ नको. वाचन पक्कं झालं की लगेच संहिता पाठवा.

आम्ही सहा-सात जणांनी स्वतःचा गट काढावा का?

काढा. पुण्याचं नाटक असंच उभं राहिलं आहे. १९७३ साली थिएटर अ‍ॅकॅडमी निघाली ती पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) या संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी काढली. पुढे समन्वय, आसक्त, नाटक कंपनी असे गट आले. प्रत्येक पिढीला वाटतं की आपल्याला हवं तसं नाटक आपल्यालाच करावं लागेल, आणि ते खरंच असतं.

पैशाचं मात्र पहिल्या दिवशी बोला. शंभर खुर्च्यांची जागा आणि २०० रुपये तिकीट धरलं तर पूर्ण भरलेल्या प्रयोगाला २०,००० रुपये जमतात. त्यातून सभागृहाचं भाडं, दिवे, टेम्पो, जाहिरात, चहा-नाश्ता, कपडे आणि लेखकाचं मानधन भागवायचं. खुर्च्या निम्म्याच भरल्या तर खिशातून घालावे लागतात. कोण किती घालणार, नफा झाला तर आधी कुणाचे पैसे फिटणार, गटातून कुणी बाहेर पडलं तर नाटकाचे हक्क कुणाकडे, हे कागदावर लिहा आणि सगळ्यांनी सही करा. मैत्रीत कागद कशाला, असं वाटतं. चांगले गट फुटताना मी जे पाहिलं, त्यात कलेवरून झालेली भांडणं थोडी होती आणि हिशेबावरून झालेली जास्त.

नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही, त्यामुळे छोट्या गटाला ती कटकट नाही.

तालमीला जागा मिळत नाही. काय करायचं?

सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. कॉलेजं संध्याकाळी सातला दारं लावतात, सोसायट्यांचे हॉल आवाजाची तक्रार करतात आणि भाड्याने मिळणारे स्टुडिओ तासावर पैसे घेतात. महिनाभर रोज तीन तास म्हटलं तर हिशेब कुठल्या कुठे जातो. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, त्यांतल्या काही वाजवी दरात तालमींना मिळाव्यात ही मागणी नाटकवाल्यांनी एकत्र येऊन लावून धरायला हवी. तोपर्यंत वाचन घरी करा, हालचाली बसवायला गच्ची किंवा टेकडीचा पायथा चालतो, आणि पैसे देऊन घेतलेली जागा शेवटच्या आठ दिवसांसाठी राखून ठेवा. जमिनीवर खडूने सेटचा नकाशा आखून तालीम केलीत की जागा बदलली तरी अंदाज चुकत नाही.

शिष्यवृत्ती किंवा पाठ्यवृत्ती (फेलोशिप) मिळते का?

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे: दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यासाठी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. २५ ते ४० वयाच्या कलाकारांसाठी कनिष्ठ पाठ्यवृत्ती आहे: दरमहा १०,०००, दोन वर्षं. तिच्यासाठी संशोधनाचा किंवा कामाचा प्रस्ताव लिहावा लागतो. चाळिशीपुढच्यांसाठी ज्येष्ठ पाठ्यवृत्ती आहे. अर्ज सीसीआरटी (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) या केंद्र सरकारच्या संस्थेमार्फत मागवले जातात. तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचा. पुण्यात साहित्य रंगभूमी प्रतिष्ठानतर्फे तरुण रंगकर्मींना विनोद दोशी पाठ्यवृत्ती दिली जाते.

प्रस्ताव लिहिताना "मराठी रंगभूमीची सेवा" वगैरे लिहू नका. "सोलापूर जिल्ह्यातल्या अमुक तालुक्यात जाऊन पोतराजांच्या गाण्यांवर काम करायचंय, पहिल्या सहा महिन्यांत हे, पुढच्या सहा महिन्यांत ते" असं लिहा. वाचणाऱ्याला तुमचा दिवस कसा जाणार हे दिसलं पाहिजे.

यावर पोट भरेल का?

प्रायोगिक नाटकावर भरत नाही. व्यावसायिक नाटकात नाइट मिळते, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, पण प्रयोग थांबले की ते थांबतं. म्हणून बहुतेक जण दुसरं काहीतरी करतात: डबिंग, ऑडिओ बुकचं वाचन, शाळांमध्ये नाट्यशिक्षण, मालिकांचं संवादलेखन, नाहीतर सरळ नोकरी. प्रकाशयोजना, ध्वनी आणि रंगभूषा शिकलेल्यांना अभिनेत्यांपेक्षा लवकर आणि नियमित काम मिळतं, हे नक्की लक्षात घ्या. ज्यांचा हात तंत्रात चालतो त्यांनी ही वाट दुय्यम मानू नये.

घरच्यांना काय सांगायचं, असंही विचारतात. त्यांना प्रयोगाला बोलवा आणि पहिल्या रांगेत बसवा.

मी पुण्यात राहत नाही. मग?

नाट्य परिषदेच्या शाखा आणि राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तुमच्या केंद्रावर स्पर्धा सुरू असताना सगळी नाटकं बघा, आठवडाभरात अख्ख्या जिल्ह्यातले नाटकवाले भेटतात. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पहिला खेळ केला, ते शहर तेव्हाही पुणे-मुंबई नव्हतं. गोव्यात असाल तर पणजीच्या कला अकादमीची मराठी नाट्य स्पर्धा आहे आणि तिला गावोगावच्या मंडळांचा उत्साह असतो.

संधींच्या बातम्या कुठे कळतात?

राज्य स्पर्धेच्या आणि शासनाच्या योजना सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या संकेतस्थळावर लागतात. केंद्राच्या शिष्यवृत्त्या सीसीआरटीच्या संकेतस्थळावर असतात. प्रयोगांची तिकिटं बुकमायशो आणि तिकिटालय यांवर मिळतात, तिथेच या आठवड्यात काय लागलंय ते दिसतं. छोट्या जागांची आणि गटांची इन्स्टाग्राम पानं फॉलो करा, ऑडिशनच्या सूचना हल्ली तिथे आधी येतात. वर्तमानपत्रांच्या पुणे पुरवणीत 'आजचे कार्यक्रम' असं सदर असतं, त्यात अभिवाचनं आणि विनामूल्य प्रयोग सापडतात. आणि भरत नाट्य मंदिराच्या आवारातल्या फलकावर कागद चिकटवलेले असतात. त्या बाजूला गेलात की थांबून वाचा, फोन नंबर टिपून घ्या आणि त्याच संध्याकाळी फोन करा.